देवगिरी, खुलताबाद, नांदेड : गाणं कोणाच्या ताब्यात होतं?

वेरूळ_फाटा (धागाकर्ता)

मंडळी, आधीच सांगतो, खुलताबादची औरंगजेबाची कबर राहावी की जावी यावर हा धागा नाही. त्या विषयावरचे धागे इथं पेटतात आणि कुलूपबंद होतात. मला बोलायचंय ते गाण्याबद्दल.

राजा आणि संगीत म्हटलं की आपल्याकडं दोनच खाने असतात. अमका रसिक, कलेचा आश्रयदाता. तमका रुक्ष, बंदी घालणारा. मला हे खाने कुचकामी वाटतात. राजाला गाणं आवडायचं की नाही हे सोडा, त्यानं गाणं कोणाच्या हवाली केलं होतं ते बघा. त्यावरून त्याच्या राज्याचा स्वभाव जास्त कळतो.

सुरुवात देवगिरीपासून. सिंघण यादवाच्या काळात (सुमारे १२१० ते १२४७) शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे लोक आजही ज्याच्याकडं बोट दाखवतात तो हा ग्रंथ. पण शार्ङ्गदेव दरबारी गवई नव्हता. तो श्रीकरणाग्रणी, म्हणजे जमाखर्चाच्या दफ्तराचा मुख्य. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत होते. रोग्यांना औषध द्यायचो, असंही तो स्वतःच नमूद करतो. हिशेबनीस आणि वैद्य या दोघांचाही हात ग्रंथात स्पष्ट दिसतो. सात अध्याय, २२ श्रुती, २६४ राग, १२० देशी ताल, सगळं नोंदवून ठेवलेलं. आणि नादाकडं यायच्या आधी हा माणूस गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, हे सांगत बसतो. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं पानं चुकून दुसऱ्या पोथीची लागलीत. पण त्याचा हिशेब सरळ आहे : नाद शरीरातून निघतो, म्हणून आधी शरीर.

याच यादीत तुरुष्कतोडी आणि तुरुष्कगौड असे राग आहेत. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये. म्हणजे फौज येण्याच्या निदान अर्धं शतक आधी हे राग इथल्या दफ्तरात जमा होते. यादवांनी गाणं कारकुनाच्या हाती दिलं, आणि राज्य बुडालं तरी ते दफ्तर टिकलं. पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथ त्यावर टीका लिहीत होता.

१३१८ पर्यंत यादवांचा शेवट झाला. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानीच देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला आणली. पुढं चौदाव्या शतकाच्या मध्याला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथं आला. त्यानं गवई आणि गायिकांच्या एका बाजाराचं वर्णन करून ठेवलंय, नाव तरबाबाद. दुकानात गालिचे, मधोमध एक मोठा पाळणा, त्यात दागिन्यांनी मढलेली गायिका बसलेली किंवा कलंडलेली, आणि दासी पाळण्याला झोके देतायत. बाजाराच्या मध्यभागी एक घुमटी. तिथं दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गवयांचा अमीर येऊन बसायचा आणि गायिकांचे ताफे एकामागून एक येऊन सूर्यास्तापर्यंत गायचे, नाचायचे. त्याच बाजारात मशिदी होत्या, रमजानात तरावीहची नमाजही होई. इथं गाणं अमिराच्या ताब्यात, म्हणजे प्रशासनाचं एक खातंच.

आणि त्याच शतकात थोडं आधी, घाट चढून गेलं की खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब. चिश्ती सूफी, निधन १३३७. समाची, म्हणजे भक्तिगायन ऐकण्याची ओढ इतकी, की त्याच्या मंडळींच्या भावावेशातल्या नाचाला 'बुऱ्हानी' असं वेगळं नाव पडलं. बऱ्हाणपूर शहराचं नावही त्याच्यावरूनच. इथं गाण्याला अमीर नव्हता, पीर होता.

आता औरंगजेब. १६६८-६९ च्या सुमारास त्यानं दरबारातलं गाणं बंद केलं. इटालियन प्रवासी मनुचीनं तो प्रसिद्ध किस्सा लिहिलाय : गवयांनी दिल्लीत संगीताचीच प्रेतयात्रा काढली, आणि बादशहा म्हणाला, नीट पुरा म्हणावं. त्याच्या नावानं जे मृत्युपत्र सांगतात त्यातही अंत्ययात्रेत गाणंबजावणं नको, अशी सूचना आहे. आणि पुरला कुठं? बुऱ्हानुद्दीनचा उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी, त्याच्या दर्ग्याच्या अंगणात. समा ऐकणाऱ्या परंपरेच्या पायाशी. यावर हसावं की गप्प बसावं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

हे १७०७. मुलांमध्ये गादीसाठी लढाया जुंपल्या. पुढच्याच वर्षी त्यातला जिंकलेला मुलगा बहादुरशाह धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत आला, आणि त्याच्या छावणीबरोबर गुरु गोविंदसिंग नांदेडला आले. ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांनी देह ठेवला, त्याआधी गादी कोणा माणसाला न देता ग्रंथाला, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला दिली. तो ग्रंथ लावलाय कसा? विषयवार नाही, कालक्रमानं नाही. सुरुवातीचा नित्यपाठ आणि शेवटचा काही भाग सोडला तर रागवार. ३१ राग. म्हणजे एका वर्षाच्या अंतरानं दोन वारसे ठरले. एक तलवारीनं ठरला, दुसरा रागांच्या अनुक्रमणिकेत ठेवला गेला. दोन्ही एकाच मापानं कसे मोजणार?

बोला.

---

पैठणी_पदर

लेख आवडला, पण औरंगजेबाचा परिच्छेद घाईत उरकलात. दरबारातलं गाणं बंद केलं म्हणजे मुलखातलं बंद केलं असं नव्हे. त्यानं स्वतः ऐकणं सोडलं, दरबारी गवयांना रजा दिली. शहजादे, अमीर-उमराव यांच्याकडं मैफली चालूच होत्या. मनुचीचा किस्सा चटकदार आहे, म्हणूनच तो जपून घ्यावा.

सगळ्यात मोठा पुरावा त्याच्याच फौजेत आहे. बिकानेरचा अनूपसिंह हा औरंगजेबाचा सरदार, दख्खनच्या मोहिमांत उभं आयुष्य घालवलेला. त्याच्या आश्रयानं भावभट्टानं संगीतावर ग्रंथ लिहिले, आणि त्यातल्या एकाचं नाव 'अनूपसंगीतरत्नाकर'. म्हणजे देवगिरीच्या रत्नाकराचा मान तेव्हाही एवढा, की बादशहाच्या सरदाराला आपलं नाव त्याला जोडून हवं होतं. भावभट्टाचे वडील जनार्दनभट्ट शाहजहानच्या दरबारी. बापाचा धनी बादशहा, मुलाचा धनी सरदार. गवयाचं घराणं धनी बदलून पुढं गेलं, एवढंच.

आणि हिराबाईचं नावही नाही? दख्खनच्या सुभेदारीवर असताना बऱ्हाणपुरात हाच औरंगजेब एका गायिकेवर जीव टाकून बसला होता, आणि ती लवकर गेली. रुक्ष माणूस जन्मतः रुक्ष नसतो हो.

---

हिशेबनीस

आमच्या खात्यातल्या माणसानं रत्नाकर लिहिला हे वाचून ऊर भरून आला. उद्या साहेबांना सांगतो, ऑडिट नंतर, आधी ताल.

---

लातूर_लोकल

गोपाळ नायक विसरले का? देवगिरीचा गवई, खिलजीनं दिल्लीला नेला. अमीर खुसरौ तख्ताखाली लपून त्याचं गाणं ऐकत बसला आणि मग तसंच्या तसं गाऊन दाखवलं. आमचे गुरुजी ही गोष्ट सांगताना तख्ताखाली कसं लपला ते टेबलाखाली जाऊन दाखवायचे!

---

पैठणी_पदर

@लातूर_लोकल, गोष्ट गोड आहे, पण ती सविस्तर सांगतो फकीरुल्लाह, 'रागदर्पण' मध्ये, १६६६ च्या सुमारास. म्हणजे घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी, आणि तेही औरंगजेब गादीवर असताना. त्यात नायकाची पालखी खांद्यावर वाहणारे बाराशे शिष्य आहेत. एवढी माणसं असती तर देवगिरीचा वेढाच उठला असता.

गोष्टीचा रोख मात्र नीट बघा. किल्ला तर घेतलाच, पण त्यानं जीत पुरी होत नाही. हरलेल्याचा गवईही हरवावा लागतो, आणि तोही लपून. कथा रचणाऱ्यालाही गवई समोरासमोर हरेल असं वाटलेलं दिसत नाही.

---

औंढा_वेस

वेरूळ फाटा भाऊ, तुम्ही नांदेडला गेलात आणि हिंगोली ओलांडून गेलात. असं कसं चालेल.

त्याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. आणि नामदेव आमच्या नर्सीचे. (पंढरपूरकरांनी भांडू नये, आमच्याकडं जन्म, तुमच्याकडं पायरी.) त्यातलं भैरव रागातलं एक पद औंढ्याशी जोडलं जातं. नामदेव देवळात नाचत-गात भजन करायलेत, आणि त्यांना धरून उठवून लावलं. जात हीन म्हणून. 'लै कमली चलिओ पलटाइ' असं पदात आहे, कांबळं उचललं आणि मागं फिरले, देवळाच्या पाठीमागं जाऊन बसले. जसजसं हरीचं नाव घेत गेले तसतसं देऊळ फिरत गेलं.

आता औंढ्याला कधी आलात तर नंदी बघा. सगळीकडं नंदी देवासमोर असतो. आमच्याकडं मागच्या बाजूला. बायाबापड्या तेच दाखवून सांगतात, इथं नामदेवांनी देऊळ फिरवलं.

तुमचा प्रश्न गाणं कोणाच्या ताब्यात. इथं उत्तर काय? राजा नाही, अमीर नाही, कारकून नाही. पुजाऱ्यानं जागा ताब्यात ठेवली, गाणं काय त्याच्या हाती लागलं नाही. आणि सुलतानालाही त्याच भैरव रागात नामदेव सुनावतात. सुलतान म्हणतो मेलेली गाय उठवून दाखव. पदात त्या सुलतानाचं नावसुद्धा नाही. कोणी का असंना!

एक अजून. पंजाबात नामदेव कोणाच्याही फौजेबरोबर गेले नाहीत. पदं आधी गेली आणि ग्रंथातून परत नांदेडला आली. नर्सी ते नांदेड एवढ्याशा वाटेला त्यांनी अमृतसरचा वळसा घातला.

---

वेरूळ_फाटा

@औंढा_वेस, नामदेव मुद्दाम सोडले होते, कोणीतरी घेऊन येईल म्हणून. पण माझा मुद्दा तुम्ही मोडला असं मला वाटत नाही. नामदेवांची पदं टिकली ती कोणीतरी ग्रंथात, रागाखाली, क्रमानं लावून ठेवली म्हणून. अभंगही वह्यांनी आणि फडांनी जपले. गाण्याचा ताबा म्हणजे नुसता मालकी हक्क नाही, राखण पण आली त्यात. पंथाकडं दफ्तर होतं, फक्त ते दरबाराचं नव्हतं.

@पैठणी_पदर, अनूपसिंहाबद्दल सहमत, आणि माझं म्हणणं तेच आहे. बादशहानं गाण्यावरचा हात काढला, सरदारानं ठेवला. बंदी घातली का, या वादात आपण पिढ्यानपिढ्या अडकलोय आणि पगार कोण देत होतं हे कोणी विचारत नाही.

---

गोदाकाठची

पगार पगार चाललंय म्हणून विचारते. तरबाबादेतल्या पाळण्यातल्या बाईला कोण काय देत होतं? अमीर घुमटीत बसून ऐकतो, बतूता लिहितो, आपण साडेसहाशे वर्षांनी वाचतो, आणि त्या बाजारातल्या एकाही बाईचं नाव आपल्याला माहीत नाही. हिराबाईचंही नाव कळतं ते शहजादा मागं लागला म्हणून. ती काय गायची, हे कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

त्याच मराठवाड्यात गंगाखेडची जनाबाई. दळताना गायली आणि प्रत्येक पदाखाली 'म्हणे जनी', 'नामयाची दासी' अशी सही करून गेली. दासी म्हणवून घेतलं, पण नाव खोडू दिलं नाही. माझी आजी जात्यावर बसली की तिच्या तोंडी रत्नाकरातला एकही राग नव्हता, जनी होती.

---

आराधी_मेळा

राम राम मंडळी. आपण तुळजापूर साईडचे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

संबळाचं कोणीच कामून बोलंना? अफजलखान वधाचा पोवाडा रचला अज्ञानदासानं, गोंधळी परंपरेतला माणूस. हातात दफ्तर नव्हतं, तुणतुणं होतं. १६५९ ची लढाई आन् पोवाडा लगोलग. जिजाऊंनी सांगून करून घेतला असं त्या पोवाड्यातच हाय. महाराजांनी घोडा आन् शेरभर सोन्याचा तोडा दिला. मंजे पगार इथं पन हायच, वेरूळ फाट्याचं खरंय. पर फरक हाय. दरबारातलं गानं दरबारातच ऱ्हायचं. पोवाडा दुसऱ्या दिवशी बाजारात. ज्यानं राजा कधी बघितला नाही त्याला राजा दिसायचा तो पोवाड्यातून. राजाला पन ठाऊक असनार, का फौज पोचत न्हाई तिथं डफ पोचतो.

---

लातूर_लोकल

मुक्तिसंग्रामाकडं या की कोणीतरी. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्याच लातुरात वकिली करायचा, म्हणून लातूरकरांना हा विषय टाळता येत नाही.

१९३८. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं पोरं काढून टाकली. आपल्या औरंगाबादच्या कॉलेजातली पोरंही त्यात होती. कित्येकांना नागपूर विद्यापीठानं दाखल करून घेतलं म्हणून वर्षं वाचली. त्यातलाच एक विद्यार्थी पी. व्ही. नरसिंह राव, पुढं पंतप्रधान. शिवाय रामचंद्रराव नावाचे आर्यसमाजी कार्यकर्ते. तुरुंगात फटके खाताना प्रत्येक फटक्याला तेच ओरडले, आणि 'वंदेमातरम्' हे त्यांच्या नावालाच चिकटलं.

बघा, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मराठवाड्यात घरोघरी झालं ते नंतर. आधी पोरं प्रार्थनेच्या खोलीत एक गाणं म्हणाली. पुढारी गाण्याच्या मागून आले.

---

निवृत्त_मास्तर

लातूर लोकल, शेवटचं वाक्य जोरदार आहे पण घाईचं आहे. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह त्याच वर्षी, त्याच सुमारास चालू होता, आर्यसमाजाचाही होता. पोरांच्या पाठीशी वातावरण होतं. गाणं ठिणगी असेल, पण सरपण आधीच रचलेलं होतं.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. शाळेत निजामाच्या रियासतीचं गीत म्हणावं लागे, ही रियासत अखेरपर्यंत राहो, उस्मान सलामत राहो, अशा आशयाचं. म्हणजे सरकारला गाण्याची ताकद पोरांच्या आधी कळलेली होती. दिवसा एक गीत हजेरीपटासाठी, रात्री दुसरं खोलीत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली, आणि ते गीत असं गेलं की आज मराठवाड्यात पंचविशीतल्या माणसाला ते होतं हेही माहीत नाही. रत्नाकर सातशे वर्षं टिकतो आणि सक्तीचं गीत सकाळी उठल्यावर नाहीसं होतं, याचा विचार धागाकर्त्यांनी त्यांच्या 'दफ्तर' सिद्धांतात करावा. त्या गीताला तर अख्खं शिक्षण खातं दफ्तर म्हणून होतं.

---

हलगी

सगळं वाचलं. गाणाऱ्यांबद्दल बोललात, गाऊ दिलं नाही त्यांच्याबद्दलही बोललात. ज्यांना वाजवायला लावलं त्यांचं राहिलं.

आमच्या वस्तीवर हलगी वाजवणं ही कला नव्हती, गावकीचं काम होतं. जाळ करायचा, हलगी त्यावर धरायची, कातडं तापून ताणलं गेलं की बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा, आणि मग मिरवणुकीच्या पुढं. पोळा असो, लग्न असो, मयत असो. बैलजोडी पाटलाची, मान पाटलाचा, हलगी आमची. नाही म्हणायची सोय नव्हती.

बाबासाहेबांच्या चळवळीनंतर, १९५६ च्या धर्मांतरानंतर तर जास्तच, लोकांनी ठरवलं की वाजवायचं नाही. गावोगावी त्यावरून भांडणं, बहिष्कार झाले. तुमच्या भाषेत सांगायचं तर गाण्याचा ताबा परत घेतला, न वाजवून. मग तीच माणसं जलशात, म्हणजे चळवळीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात उभी राहिली, स्वतःची गाणी घेऊन. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सगळी वर्षं वस्तीवस्तीत भीमगीतं चालू होती. आमच्या घरी पुढाऱ्याचं भाषण कोणाला पाठ नाही, गाणी सगळ्यांना पाठ आहेत. ती शिकवायला ना अमीर होता, ना कारकून.

---

बदनापूर_बायपास

नामांतर कशाला आणायचं इथं? इतिहासाचा धागा आहे, इतिहासच राहू द्या.

---

गोदाकाठची

@बदनापूर_बायपास, १२९६ इतिहास आणि १९७८ राजकारण, ही रेघ नेमकी कुठल्या साली मारायची ते सांगा, म्हणजे त्याआधीचंच लिहू.

---

संपादक मंडळ

@बदनापूर_बायपास, 'हलगी' यांचा प्रतिसाद विषयाला धरून आहे, तो राहील. कबरीविषयीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. व्यक्तिगत नको.

---

वेरूळ_फाटा

मास्तर, सर, बरोबर जागी बोट ठेवलंत. माझं उत्तर असं : निजामाचं ते गीत राखायला खातं होतं, पण ते म्हणून दाखवण्यात कोणाचा जीव नव्हता. शार्ङ्गदेवानं जे लिहिलं ते गवई आधीच गात होते. त्यानं फर्मान काढलं नाही, नोंद केली. नांदेडचंही तसंच, पदं लोक गातच होते, मग ग्रंथ. दफ्तर मागून आलं तर टिकतं. पुढून आलं तर १७ सप्टेंबर.

'हलगी', तुमच्या प्रतिसादाला मात्र माझ्या मांडणीत जागा नाही, ती करावी लागेल. मी ताबा म्हणताना सगळा वेळ वरून खाली बघत होतो : राजानं कोणाला दिला, अमिरानं कोणाला नेमलं. वाजवणाऱ्यानं काढून घेतलेला ताबा हा वेगळा प्रकार आहे. त्यावर स्वतंत्र धागा तुम्हीच काढावा, माझ्यापेक्षा तुमच्याकडं माहिती आहे.

---

हलगी

काढतो. आधी जलशातल्या जुन्या माणसांना विचारून घेतो. त्यांच्याकडं वह्या आहेत, मोडक्या पेटीत. वेरूळ फाट्याचं दफ्तर म्हणा हवं तर.

---

गोदाकाठची

मास्तर, ते रियासतीचं गीत आमच्या आजोबांना अजून चालीसकट येतं. निजामाच्या शाळेत शिकलेत, नव्वदी गाठलीय. गाताना उभे राहतात आणि संपलं की निजामाला दोन शिव्या देऊन खाली बसतात. मुलाला म्हटलंय रविवारी रेकॉर्ड कर. अडचण एकच, पंखा चालू ठेवला तर नुसती घरघर येते आणि पंखा बंद केला की आजोबा उठून ओसरीवर जातात. कोणाला रेकॉर्डिंगचं कळत असेल तर सांगा.

---

हिशेबनीस

ताई, ओसरीवरच रेकॉर्ड करा. आणि शिव्या कापू नका.